आजाराचं नाव

२००६ साली राजारामपुरीत माझ्या घरी दहावीच्या भूमितीची शिकवणी चालायची. चौदा मुलांत दीक्षा सगळ्यांत हुशार. एका दुपारी प्रमेय सोडवता सोडवता तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "मी सोनी. आई कुठाय?" दीक्षा सहा वर्षांची असताना तिची आई तिच्या डोळ्यांसमोर स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. दहा मिनिटांनी ती पुन्हा दीक्षा झाली. मधलं तिला काहीच आठवेना.

दुसऱ्या दिवशी शिकवणीतल्या भैरवीची आई ओटीचं सामान घेऊन दारात. "अंगात आलंय सर तिच्या. पाया पडू द्या."

दीक्षाचे वडील प्रसेनजीत भडकले. "वैनी, आमच्यात अंगात येत न्हाय. आज्ज्यानं छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आजार हाय ह्यो."

ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मोठ्या धक्क्यानं लहान मुलाचं मन कधी कधी वेगळ्या माणसांत वाटलं जातं, उपचार लांबतील, पण तिच्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रसेनजीतनी आजाराचं नाव कागदावर आणलं. लपवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. मीच ते फळ्यावर लिहून मुलांना समजावलं.

त्या रविवारी केबलवर सिनेमा लागला. त्यात याच आजाराची बाई सुरीनं नवऱ्याला मारते. पुढच्या रविवारी हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा. त्यात बाईऐवजी पुरुष, सुरी मात्र होतीच. सोमवारी चारच मुलं आली. त्यातला संग्राम दाराजवळ बसून म्हणाला, "सर, तिचं कर्कटक काढून घ्या की."

पाठोपाठ भैरवीची आई आली. "देवी असती तर पोरं पाया पडून शेजारी बसली असती. हे खुनाचं हाय. ती येणार असंल तर आमची न्हाय येणार."

"वैनी, सिनेमा आहे तो."

"दोन-दोन सिनेमं खोटं सांगतील व्हय?"

बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर होती. दीक्षा सगळं ऐकत होती. तिनं वेणी सोडली, केस तोंडावर घेतले आणि घुमू लागली. "वटी भर माझी!" तो सोनीचा आवाज नव्हता. दीक्षाचाच होता, जाड केलेला. पुस्तकाच्या पानात घातलेलं बोट तिनं काढलं नव्हतं.

भैरवीच्या आईनं जमिनीला डोकं टेकलं. दीक्षाला न्यायला आलेले प्रसेनजीत दारात उभे होते.

"दीक्षा, ऊठ."

ती घुमत राहिली. ते जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी चौदाही मुलं आली. तिच्यापुढं कुणीतरी नारळ ठेवला होता. तो सारून तिनं वही उघडली.

"शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय ना?" मी हळूच विचारलं.

"आता कसं जायचं, सर? बघतील की सगळी."