गाळलेलं रीळ

मित्रांनो, एके काळी जत्रेत अख्खं लोहारा गाव माझ्याकडे पाठ करून बसायचं आणि त्यातच माझा मान होता! मी तंबूतल्या सिनेमाचा एक जुना प्रोजेक्टर आहे. बब्रुवान ऑपरेटर मला लेकरासारखं पुसायचा.

अठ्ठावन्न साली आम्ही एक गाजलेला चित्रपट लावला. त्यातल्या बायकोच्या वस्तू हरवत जातात आणि शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यायला निघतात. ते सगळं नवऱ्याचंच कारस्थान असतं, पण हे कळतं शेवटच्या रिळात. एका संध्याकाळी दोन खेळ बसवायचे म्हणून बब्रुवानने नेमकं तेच रीळ गाळलं. बाईच वेडी, असं समजून लोक घरी गेले.

तंबूला वावर देणारा अंबादासही ते पाहून गेला. त्याला दुसरी बायको करायची होती, आणि पहिलीला वेडी ठरवायची वाट त्याला त्या खेळात सापडली.

पावसाळ्यात मला त्याच्याच घरी, पुढच्या सोप्यात ठेवत. बायकोच्या वस्तू तो एकेक करून लपवायचा; शेवटच्या पावसाळ्यात तिची नथ त्याने तिथल्याच ज्वारीच्या कणगीत खुपसली, ती मी पाहिली. सत्यभामा बिचारी घरभर शोधायची.

"म्याच कुठंतरी ठिवली असंल. मला काईच आठवंना झालंय," म्हणून रडायची.

"सिनेमातल्या त्या बाईवानी झालंय तुझं," अंबादास हळहळल्यासारखं म्हणायचा. सासू उमाबाईलाही ते पटलं. असं होता होता तिसरं वर्ष उजाडलं आणि जत्रा झाली की सुनेला कायमचं माहेरी, तामलवाडीला, सोडायचं ठरलं. मला फार वाईट वाटायचं, पण फितीशिवाय मला वाचा कुठली!

त्या जत्रेत तंबूच्या मालकाने तोच चित्रपट पुन्हा पाठवला. गर्दी कमी, खेळ एकच, म्हणून बब्रुवानने शेवटचं रीळही चढवलं. मी जीव तोडून चाललो. पडद्यावर नवरा बायकोचं कंकण स्वतःच्या हाताने कपाटामागे टाकताना दिसला.

बायकांच्या बाजूला सत्यभामा ताडकन उभी राहिली. "आत्याबाई, ती येडी न्हवती! नवऱ्यानंच लपिवलं हुतं!"

उमाबाई उठली. मग मधल्या कापडी कनातीपलीकडे, पुरुषांच्या बाजूला ओरडली, "अंबादास, माझ्या सुनंची नथ कुठं ठिवलीस?"

दुसऱ्या दिवशी उमाबाईने स्वतः घर धुंडाळलं आणि कणगी उपसली, तर आत नथ! सत्यभामा तामलवाडीला गेली नाही.

मित्रांनो, मला गंज चढला तरी चालेल. पण कुणी रडत म्हणालं, "मला काही आठवत नाही," तर त्याला लगेच वेडं ठरवू नका. आधी त्याच्यासोबत शोधायला लागा.