थंडी संपेपर्यंतचा पाहुणा

माझा दीर एल्वुड ऑक्टोबरात एक सुटकेस घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "एर्मा, घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली गं. थंडी संपेपर्यंत राहू का इथे?"

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार? बाहेर दव गोठत होतं, त्याची बायको ॲडा जूनमध्येच गेलेली, आणि माझा नवरा लूथर तर मला विचारायच्या आधीच सुटकेस उचलून जिना चढायला लागला होता. थंडी काय, आपोआप संपेल, असा माझा हिशेब. पण आमच्या हासेनबाखच्या खोऱ्यात थंडी कॅलेंडर बघून संपत नाही. ग्राउंडहॉग सांगेल तेव्हा संपते.

ग्राउंडहॉग काय चीज आहे ते माझ्या कोबीच्या वाफ्याला विचारा. मांजरापेक्षा लठ्ठ, केसाळ, पुढे आलेले दात, आणि सगळा हिवाळा बिळात घोरत पडायचं. तरी दोन फेब्रुवारीला अख्खं खोरं त्याच्या तोंडाकडे बघतं. त्या सकाळी तो बाहेर आला, ऊन असलं आणि त्याला स्वतःची सावली दिसली, की घाबरून परत आत पळतो आणि थंडी आणखी सहा आठवडे मुक्काम करते. आभाळ भरलेलं असलं, सावली पडली नाही, तर थंडी संपली. शिकलेसवरलेले लोकही यावर पैजा लावतात.

आता सावली पडली की नाही हे बघायला ग्राउंडहॉग मंडळाचा एक शपथ घेतलेला निरीक्षक असतो. गेली वीस-बावीस वर्षं हा निरीक्षक म्हणजे एल्वुड. म्हणजे माझ्या घरात कधीपर्यंत राहायचं, हे एल्वुडच ठरवणार होता.

एल्वुड वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं होतं, हाकलून दिला असता. हा पहाटे उठून सगळ्यांच्या बुटांना पॉलिश करायचा आणि ब्रश माझ्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचा. खिडकीपाशी माझी एक खुर्ची आहे, तिथून शेजारच्या मिल्ड्रेडकडे कोण येतं-जातं ते नीट दिसतं. नाताळ येईतो हा त्या खुर्चीत पुरता रुतून बसला होता. मी ज्यात पावाचं पीठ मळते त्या परातीत एकदा गरम पाणी घालून पाय सोडून बसलेला सापडला. "तळ कसा मस्त सपाट आहे हिचा," म्हणाला, वर कौतुकाने! आणि जेवायला बसलं की घासाघासाला ॲडा. "ॲडा यात व्हिनेगर जरा जास्त घालायची." "ॲडाच्या नूडल्स रुंद असायच्या." मी लूथरकडे बघायचे आणि लूथर ताटाकडे बघायचा.

जानेवारीत मी खिळे आणायला दुकानात गेले, तर भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस भेटला. म्हणाला, "काय म्हणतेय एल्वुडची भट्टी? नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या आधी करून दिली मी. नव्यासारखी चालते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन लूथरला गोठ्यात गाठलं.

"तुझ्या भावाची भट्टी केव्हाची चालू झालीय!"

"असेल," लूथर म्हणाला. "पण तो भट्टी दुरुस्त होईपर्यंत कुठे म्हणाला होता? थंडी संपेपर्यंत म्हणाला होता."

"आणि थंडी संपली हे कोण सांगणार?"

"ग्राउंडहॉग."

"आणि ग्राउंडहॉगला बघायला कोण जाणार?"

लूथरने बराच विचार केला. "एल्वुड," तो म्हणाला, आणि त्याचाच चेहरा पडला.

मी एल्वुडला काही बोलले नाही. म्हटलं, होऊ दे दोन तारीख. रोज रात्री देवाकडे ढग मागत होते. चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालली असतानाही मी ढगच मागत होते, त्याची मला लाज नाही.

आणि देवाने दिले. दोन तारखेला आभाळ असं दाटून आलं होतं की सकाळी आठलाही कोंबड्या खुराड्याबाहेर यायला तयार नव्हत्या. मंडळाचे पुरुष काळे कोट आणि उंच टोप्या घालून टेकडीवरच्या बिळापाशी गेले. मी माझ्या खुर्चीत बसून अंगणाकडे बघत होते. कुंपणाची सावली नाही, झाडाची सावली नाही. सावली नावालाही नव्हती.

एल्वुड परत आला, अंडी खाल्ली, माझ्याकडे बघायचं टाळत कोट घालून पुन्हा निघाला. निकाल संध्याकाळच्या जेवणापर्यंत कुणाला सांगायचा नाही असा मंडळाचा नियम. "हॉलमध्ये टेबलं लावायचीत," एवढंच बोलला. मी मनात म्हटलं, लबाडा, संध्याकाळी तू सावली दिसली म्हणून ठोकणार आणि माझ्या खुर्चीत आणखी सहा आठवडे अंडी उबवणार. पण मी पण काही कच्च्या गुरूची चेली नाही. मी वर गेले, त्याची सुटकेस काढली, शर्ट-पॅन्ट, दाढीचं सामान, उशीखालची गोळ्यांची बाटली, सगळं भरलं. सामान त्याच्या घरी नेऊन टाकायचं आणि संध्याकाळी सांगायचं, तुझी थंडी तुझ्या घरी जाऊन काढ.

त्याच्या घराचं मागचं दार उघडंच असतं. आत शिरले तर घर छान उबदार. भट्टी गुरगुरत होती. मी विजयाने "हं!" केलं आणि सुटकेस घेऊन स्वयंपाकघरात गेले.

टेबलापाशी गोटलीब बसला होता.

गोटलीब म्हणजे मंडळाचा पेंढा भरलेला ग्राउंडहॉग. जेवणाच्या दिवशी त्याला मिरवत आणतात, सगळे पुरुष उभे राहून छातीवर हात ठेवतात. वर्षभर तो एल्वुडच्या ताब्यात असतो. पण तो कपाटात असतो असा माझा समज होता. इथे त्याला ॲडाच्या खुर्चीवर दोन उशा रचून बसवलं होतं. गळ्यात नॅपकिन. पुढ्यात ॲडाचा निळा कप, कॉफीने काठोकाठ भरलेला, गार झालेला. समोरच्या खुर्चीपुढे दुसरा कप, रिकामा. मध्ये बशीत दोन बिस्किटं, त्यातलं एक अर्धं खाल्लेलं.

मला आधी हसू फुटलं. खूप हसले. एकटीच त्या स्वयंपाकघरात उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि मग ते पाणी काही थांबेना. रोज दुपारी "पाण्याचे पाइप बघून येतो" म्हणून जायचा तो. पाइप कसले!

मी गोटलीबचा नॅपकिन सरळ केला, सुटकेस उचलली आणि परत गाडीच्या डिकीत टाकली.

संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण. मंडळ फक्त पुरुषांचं. आम्ही बायका स्वयंपाकघरात, हॅम कापायला, आंबट कोबी वाढायला, बटाटे कुस्करायला. मंडळाचा दुसरा नियम असा, की आत सगळ्यांनी वाडवडिलांनी जर्मनीतून आणलेल्या आपल्या डच बोलीतच बोलायचं. तोंडून इंग्रजी शब्द गेला तर खुर्चीवर चढून ग्राउंडहॉगसारखी शीळ घालायची. सूप संपेपर्यंत लूथर दोनदा चढून आला होता.

गोटलीबला मुख्य टेबलावर बसवलं. मंडळाचा प्रमुख होमर डीटर उभा राहिला आणि म्हणाला, "निरीक्षक एल्वुड, काय बघितलंस ते सांग."

मी हातात ग्रेव्हीचा डाव घेऊन दाराच्या फटीपाशी उभी होते. मनातल्या मनात एल्वुडला म्हणत होते, बोल बाबा, ठोक खोटं. भट्टीबद्दल एवढं सराईतपणे बोललास, आणखी एकदा बोल.

एल्वुड उठला. त्याने गोटलीबकडे बघितलं. छातीवर हात ठेवला.

"आज सकाळी," तो म्हणाला, "आभाळ भरलेलं होतं. सावली पडली नाही. थंडी संपली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एल्वुड खाली बसला आणि पुढ्यातल्या हॅमकडे बघत राहिला. भावाशी खोटं बोलेल, भावजयीशी बोलेल, पण ग्राउंडहॉगची शपथ मोडणार नाही, असा हा मूर्ख माणूस!

मी दार ढकलून आत गेले. "साफ खोटं!"

होमर लालबुंद. बाईने सभेत बोलायचं, तेही निकालावर! तो जे ओरडला ते भडाभडा इंग्रजीत.

"इंग्रजी! इंग्रजी!" चारी बाजूंनी ओरडा झाला. "होमर, खुर्चीवर!"

होमर शंभर किलोचा माणूस. दोघांनी धरून त्याला खुर्चीवर चढवला. तो वर शीळ घालतोय तोवर मला रान मोकळं मिळालं.

"मी बघितला ग्राउंडहॉग," मी सांगितलं, आमच्या आजीच्या तोंडी शोभेल अशा अस्सल डचमध्ये. "मिल्ड्रेडच्या लाकडांच्या ढिगापाशी. मिनिटभर ऊन पडलं, आणि बाकाएवढी लांब सावली पडली. घाबरून पळाला बिचारा."

"मीपण बघितली!" स्वयंपाकघरातून मिल्ड्रेड ओरडली. तिला कशाचा काही पत्ता नव्हता, पण लाकडं तिची होती.

"बाईची साक्ष चालत नाही," होमर वरून म्हणाला.

"नाही ना चालत? मग ॲपल पायपण चालणार नाहीत. सगळे आमच्याकडे आहेत."

पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी होमर जपून एकेक डच शब्द जुळवत म्हणाला, "निरीक्षकच सांगेल. एल्वुड, तुझी नजर चुकली असेल का?"

एल्वुड पुन्हा उठला. या वेळी तो माझ्याकडे बघत होता.

"एर्मा, नक्की बघितलीस? सहा आठवडे आहेत. नीट विचार कर."

"केलाय विचार."

"सहा म्हणजे थोडे नाहीत."

"एल्वुड, मला मोजता येतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी टेकडीवर होतो," तो होमरला म्हणाला. "लाकडांपाशी नव्हतो. तिथलं मी शपथेवर सांगू शकत नाही."

होमरने पायच्या दिशेने बघितलं आणि जाहीर केलं, थंडी आणखी सहा आठवडे.

जेवण आटोपल्यावर एल्वुड गोटलीबला कांबळ्यात गुंडाळून आमच्या गाडीपाशी घेऊन आला आणि त्याला ठेवायला त्याने डिकी उघडली. आत त्याची सुटकेस. मी ती साफ विसरले होते. त्याने मूठ धरून ती जराशी उचलून बघितली, भरलेली होती.

"माझ्या घरी गेली होतीस?"

"हो."

"मग तुला भट्टीचं..."

"हो."

"आणि ते टेबलापाशी..."

"हो, एल्वुड."

"काय टेबलापाशी?" लूथरने गाडीतून मान बाहेर काढून विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघं म्हणालो.

एल्वुडने कांबळ्याची गाठ पक्की केली. मग खाली बघतच म्हणाला, "हा काही बोलत नाही गं. ॲडा किती बोलायची."

मी त्याला गाडीत बसायला सांगितलं, पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी, आणि लूथरला मागे पाठवलं. गाडी सुरू केली आणि बोलायला लागले. मिल्ड्रेडच्या जावयाबद्दल बोलले, होमरच्या ढेरीबद्दल, यंदाच्या हॅममध्ये मीठ कसं जास्त पडलं त्याबद्दल. घर आलं, तरी अंगणात गाडी बंद करून बोलतच राहिले. लूथर कंटाळून केव्हाच आत निघून गेला होता. एल्वुड अंधारात माझ्या शेजारी बसून म्हणत होता, "हं... मग? मग पुढे काय झालं?"