उजवीकडचा डबा

१९८२ साली अख्ख्या बहारीनमध्ये जपानी सिनेमावर छातीठोकपणे बोलणारा एकच मराठी माणूस होता, आणि त्याने आयुष्यात एकही जपानी सिनेमा पाहिला नव्हता. तो म्हणजे आपला जयप्रकाश. मूळचा पुण्याचा, तिथल्या हूरा वस्तीत राहणारा, बँकेत अकाउंटंट. पुण्याच्या फिल्म सोसायटीची पत्रकं त्याने इतकी घोटली होती की समोर कोणी सापडायचा अवकाश, जपानी न्यू वेव्ह सुरू! केस कापताना न्हावी सापडला तरी सुरू.

स्मिता तेवढी हे दोन वर्षं ऐकत आली होती, कारण तिला तो आवडायचा. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मात्र तिने कपाळाला हात लावला.

"जेपी, माणूस म्हणून तू सोन्यासारखा आहेस रे. पण जन्मभर आमटीभाताबरोबर न्यू वेव्ह? एकदा दाखव तरी तो सिनेमा. हसत बाहेर आले तर लग्न. तोंड पाडून आले, तर मी मुंबईच्या त्या डेंटिस्टला होकार कळवते."

डेंटिस्ट खराच होता. वडिलांनी बघितलेलं स्थळ, उत्तरासाठी ताटकळलेलं. 

त्याने कुठल्या कुठल्या ओळखी काढून कुवेतहून एक जपानी सिनेमा मागवला. सोळा एमएमचे चार डबे, लाकडी खोक्यात ओळीने उभे केलेले. उन्हाने डब्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच गळून गेल्या होत्या. सोबत इंग्रजीत गोष्टीचा सारांश होता, तो त्याने वाचला. बंदरावरचा हमाल आणि बारमधली पोरगी प्रेमात पडतात, चोरी करतात, तुरुंगात जातात, पळतात आणि शेवटी बर्फात गारठून मरतात. झालं! आता कसली स्मिता हसतेय?

पण शुक्रवारचा हॉल ठरला होता, लोकांना सांगून झालं होतं. प्रोजेक्टर चालवायला फ्लोरी होती. हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर, वसईची, तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये हे यंत्र शिकलेली. तिने विचारलं, "बाबा रे, यातला पयला डबा कुठला?"

जयप्रकाशने क्षणभर विचार केला. बहारीनमध्ये चार वर्षं काढलेला माणूस तो. दुकानाची अरबी पाटी उजवीकडून, वर्तमानपत्र उजवीकडून. जपानीही उजवीकडून वाचतात असं त्याने कुठेतरी वाचलंच होतं. "उजवीकडचा," तो ठामपणे म्हणाला.

मग त्याने भाषण ठोकलं. साठ सालच्या सुमारास जपानी स्टुडिओंनी विशी-तिशीतल्या पोरांच्या हाती कॅमेरे दिले आणि पोरांनी वडीलधाऱ्यांच्या सुबक, शांत सिनेमाची खिडकीच फोडली. पुढे टीव्हीने प्रेक्षक पळवले, स्टुडिओ डबघाईला आले, तेव्हा याच मंडळींनी पदरमोड करून सिनेमे काढले. आणि आता तर कॉलेजची पोरं घरच्या कॅमेऱ्यावर सिनेमे करताहेत! "एक लक्षात ठेवा," तो बोट नाचवत म्हणाला, "न्यू वेव्हला आधी आणि नंतर मान्यच नाही!"

"यल्ला, चला आता, सिनेमा!" हॉलचा रखवालदार हाशिम मागून ओरडला, आणि दिवे गेले.

पडद्यावर बर्फच बर्फ. एक पोरगा, एक पोरगी, दोघं धडपडतात, पडतात, एकमेकांना बिलगतात आणि मरतात. मोठ्ठं एक जपानी अक्षर झळकलं. लोकांना वाटलं इंटरव्हल, सगळे समोशांकडे धावले.

 शेवटचा डबा आधी लागला होता! जयप्रकाश धावत प्रोजेक्टरपाशी गेला. "फ्लोरी, थांबव! सगळं उलटं लागलंय!"

"आता थांबवू?" फ्लोरीने दुसरा डबा चढवलासुद्धा होता. "हॉल बघ जरा."

हॉलमध्ये गलका उसळला होता. मेलेली दोघं पडद्यावर चांगली धडधाकट पळत होती! क्षणभर सगळे गोंधळले, मग फ्लोरीच्या हॉटेलातला मायकल खुर्चीवर उभा राहून गरजला, "पुनर्जन्म! अरे, पुनर्जन्म झाला त्यांचा!" हिंदी सिनेमावर वाढलेली मंडळी ती, आणखी काय हवं? टाळ्या, शिट्ट्या! एकाने तर दोघांच्या मागच्या जन्मीच्या खुणाही ओळखून दाखवल्या.

"फ्लोरी, हा दिग्दर्शकाचा खून आहे!"

"दिग्दर्शक बसलाय जपानात. स्मिता बसलीय तिसऱ्या रांगेत. कोण पाहिजे ते बोल."

 दोन वर्षांत पहिल्यांदाच तो जपानी सिनेमाबद्दल गप्प बसला.

तिसऱ्या डब्यात चोरी झाली आणि हॉलने चोरांना सल्ले दिले. चौथ्यात पाट्या आल्या, नावं आली, तरी कोणी हूं की चूं केलं नाही. न्यू वेव्ह ना! मग दोघं पहिल्यांदा बंदरावर भेटली, तिने त्याची टोपी पाण्यात भिरकावली, तो चिडला, आणि दोघं धक्क्यावर गोल गोल नाचत सुटली. तिथेच डबा संपला. हॉल नुसता वेडा झाला. हाशिमने जयप्रकाशला उचलूनच घेतलं. "खलास? मफी खलास! संपला नाही, अजून लाव!"

माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत, खिदळत बाहेर पडली. जयप्रकाश तरंगतच दाराशी आला. सगळ्यांच्या मागून स्मिता आली. डोळे लाल, नाक लाल, रुमालाचा बोळा.

जयप्रकाशने विचारलं, "आवडला नाही?"

"ती टोपी फेकते रे," स्मिता हुंदका गिळत म्हणाली, "आणि हसते. तिला काहीच माहीत नाही. आपल्याला माहीत आहे बर्फात काय झालं ते. पुनर्जन्म कसला! हे सगळे हसत होते आणि मला इतकं रडू येत होतं."

संपलं. गेली स्मिता डेंटिस्टकडे. आता खोटं बोलून तरी काय मिळणार होतं?

"स्मिता, तो सिनेमा तसा नाहीच. डबे उलटे लागले. मला वाटलं जपान्यांचंही अरबांसारखंच, म्हणून मी उजवीकडचा डबा पहिला धरला."

स्मिताने नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"आणि आणखी एक. जपानी सिनेमा मी आज पहिल्यांदा पाहिला."

"म्हणजे दोन वर्षं..."

"वाचून."

स्मिताच्या तोंडून आधी एक बारीकसा आवाज निघाला. मग ती जी हसत सुटली, ती भिंतीला टेकली, तिथून पायरीवर बसली, पोट धरून, "उजवीकडचा! अगं आई गं!" म्हणत पुन्हा फुटली. आत रीळ गुंडाळणारी फ्लोरी काय झालं म्हणून धावत आली.

जयप्रकाश मात्र हाडाचा अकाउंटंट. "पण स्मिता, तू रडत बाहेर आलीस. हसलीस ती नंतर. अटीप्रमाणे मी हरलोच."

"अट माझी आहे ना? मग मीच मोडते." स्मिताने डोळे पुसले. "फ्लोरी, उद्या मुंबईला कॉल लावून दे. बाबांना सांगायचंय, डेंटिस्टला नाही म्हणा." मग जयप्रकाशचा हात धरून ती उठली. "आणि तू, पुढच्या शुक्रवारी हाच सिनेमा सरळ लाव. मला नीट रडायचंय. शेजारी बसायचं, आणि एक अक्षर बोलायचं नाही."