न मारलेला टोमणा

सदाशिव पेठेतल्या भिंतीवर एक जाहिरात दुसरीला सुखाने जगू देत नाही. दिगंबर खांबेटे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा शेजारच्या भिंतीवर त्यांना एक भित्तिपत्रक दिसलं. ‘जीवन वाचवा पदयात्रा’ एवढं ठसठशीत वाचता येत होतं. रविवार, सकाळी आठ, स्वारगेटजवळचं मैदान, हेही कळत होतं. त्याखालच्या ओळींवर स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याशा क्लासने आपले यशस्वी विद्यार्थी चिकटवून टाकले होते. कोणाचं जीवन आणि कशापासून वाचवायचं, ही माहिती त्या हसऱ्या चेहऱ्यांखाली गेली होती.

दुसऱ्या कोणी चौकशी केली असती. खांबेट्यांना गरज वाटली नाही. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली निम्मी खडकवासल्याच्या धरणावर. उदक, नीर, सलिल, जीवन हे समानार्थी शब्द त्यांनी शाळेत पाठ केले होते आणि त्यांच्या लेखी जीवन म्हणजे पाणी, विषय संपला. धरणातल्या गाळाबद्दल त्यांनी वर्तमानपत्रांना इतकी पत्रं लिहिली होती, की संपादक आता पाकीट न फोडताच बाजूला ठेवत असावेत. “चला, सुचलं एकदाचं कोणाला तरी,” ते औषधवाल्याला म्हणाले. औषधवाल्याने नुसती मान हलवली. खांबेट्यांशी बोलायला गेलं की शेवटचं वाक्य त्यांचंच असतं, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे हल्ली पहिलं वाक्यही फारसं कोणी बोलत नसे.

बायको वासंती होती तोवर ती त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावून देत असे. ते पाहुण्यांना म्हणायचे, “वाट चुकलात वाटतं?” की ती आतून येऊन सांगायची, “या बसा, म्हणतायत ते.” तिला जाऊन तीन वर्षं झाली आणि टोमणे आता बिनभाषांतराचे लोकांपर्यंत पोचू लागले. हसून घेणारी एकच उरली होती, त्यांची मुलगी वल्लरी. ती आणि तिचा नवरा सौमित्र बाणेरला राहायचे, दोघंही आयटीत. दर रविवारी ती एकटी तरी यायचीच, आणि बापाच्या प्रत्येक तिरकस वाक्याला पोट धरून हसायची.

नवरात्रापासून ती आली नव्हती. दिवाळीला ‘सुट्टी नाही’ म्हणाली. फोन करायची, पण त्यात तीनच वाक्यं. बरी आहे. गोळ्या घेताय ना. घरात बसून राहू नका बाबा, जरा माणसांत जात जा. हसणं पार बंद. आपलं काय लागलं असेल तिला, याचा खांबेट्यांनी पुष्कळ विचार केला. अडचण अशी, की ते इतकं काही बोललेले होते, की त्यातलं नेमकं एक निवडता येईना. पोर फोनवर एकदा मोकळी हसावी आणि रविवारी दारात उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. ते एकटे पडले होते, आणि ते कोणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि घरी केलेला फलक काखोटीला मारून निघाले. त्यावर लिहिलं होतं : ‘खडकवासल्यातला गाळ यंत्राने निघेल. डोक्यातल्याचं काय?’

मैदानावर गर्दी बघून त्यांचा ऊर भरून आला. पाण्यासाठी एवढी माणसं! नन होत्या, गिटार घेतलेली कॉलेजची पोरं होती, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया होत्या. पिवळे फुगे मात्र त्यांना जरा जास्तच वाटले. इतक्यात पांढऱ्या साडीवर स्वेटर घातलेल्या एक बाई त्यांच्यासमोर थांबल्या आणि त्यांचा फलक वाचू लागल्या. एस्तेर उजगरे त्यांचं नाव, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका.

“दादा, हा गाळ नक्की कोणाच्या डोक्यातला?”

“ज्यांच्या डोक्यात असेल त्यांना कळेल. ही पाण्याचीच पदयात्रा ना?”

एस्तेरबाईंनी तोंडावर हात ठेवला. हसू आवरून त्या म्हणाल्या, “ही पोटातल्या बाळांसाठी आहे. गर्भपाताच्या विरोधात. आम्ही चर्चची माणसं.”

“आणि पाणी?”

“आहे की. त्या टेबलावर बाटल्या ठेवल्यात.”

खांबेट्यांना हे उत्तर मनापासून आवडलं. शेरास सव्वाशेर भेटली म्हणायची. मूळ विषयावर मात्र त्यांचं काही मत नव्हतं, आणि मत नसलेला विषय त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होता. खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण बाईंनी विचारलं, “चहा घेऊन निघालात का घरून?” किती दिवसांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी ते कुठल्याही पदयात्रेत चालले असते, साबणाच्या विरोधात असती तरी.

चहा झाला. लोक निघाले. शंकरशेठ रस्त्याने घोषणा देत सगळे कॅम्पकडे चालू लागले. खांबेटे घोषणा देत नव्हते, पण पाय टाळ्यांच्या तालावर पडत होते, आणि दोन्ही बाजूंनी माणसं आहेत याचंच त्यांना बरं वाटत होतं. कोणीतरी त्यांच्या हातातला गाळाचा फलक काढून घेऊन दुसरा दिला. त्यावर दोन इवली पावलं काढली होती आणि खाली लिहिलं होतं : ‘मलाही जन्माला येऊ द्या.’

“मुलं काय तुम्हाला?” चालता चालता एस्तेरबाईंनी विचारलं.

“एक मुलगी. बाणेरला असते. म्हणजे परदेशातच.”

बाई हसल्या. “नातवंडं?”

“त्यांना फुरसत नाही अजून. मीटिंगा असतात.”

हे नेहमीचंच होतं, तोंडातून सवयीने गेलं. पण त्यानंतर थोडा वेळ ते हातातल्या फलकावरच्या पावलांकडे बघत चालले. आपल्याला नातू किंवा नात असावी असं त्यांना फार वाटायचं. ते त्यांनी वल्लरीला सरळ कधी सांगितलं नव्हतं. सरळ सांगायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती.

पदयात्रा कॅम्पातल्या एका शाळेच्या मैदानात संपली. मांडव होता, व्यासपीठ होतं, कर्णे लावलेले होते. भाषणं सुरू व्हायच्या आधी खांबेट्यांना आपल्या फजितीची गंमत एकदम जाणवली. पाण्यासाठी आलेला म्हातारा, हातात बाळाची पावलं, डोक्यावर पिवळा फुगा. हे वल्लरीला कळलं तर ती हसून हसून लोळेल. एवढा चांगला विनोद त्यांच्या आयुष्यात कित्येक महिन्यांत घडला नव्हता. त्यांनी एस्तेरबाईंकडून आपल्याच मोबाइलवर फोटो काढून घेतला, फलक नीट दिसेल असा, आणि मुलीला धाडला. खाली लिहिलं : ‘पाणी मागायला गेलो आणि पोरं वाचवत हिंडतोय. तुम्हाला वेळ नाही, म्हणून हेही आम्हा म्हाताऱ्यांनीच करायचं.’

वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. झकास जमलं होतं.

फोन लगेच वाजला. वल्लरीचाच. खांबेटे हसतच म्हणाले, “बोला.”

“बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काय कोणी सांगितलं?”

“सौमित्रने सांगितलं? की त्याच्या आईने?”

“अगं, कशाबद्दल बोलतेयस?”

व्यासपीठावर एक तरुण डॉक्टर बोलायला उभे राहिले होते. “त्या बाळाला आवाज नाही,” कर्ण्यातून आलं, “म्हणून आपण त्याचा आवाज व्हायचं!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बंद करा ते,” वल्लरी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “बाबा, बंद करा.”

बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. फलक मांडवाच्या खांबाला टेकवून ते लोकांमधून वाट काढत निघाले. “ठेवू नकोस. मी लांब जातोय. ठेवू नकोस, वल्ली.” एस्तेरबाईंनी खुणेने ‘काय झालं’ विचारलं, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. फाटकाबाहेर विजेच्या खांबालाही कर्णा बांधला होता. ते डॉक्टर तिथेही बोलतच होते. खांबेटे मोबाइलच्या तोंडावर हात धरून रस्ता ओलांडून गेले, रविवारची बंद गॅरेजं होती त्या बोळात शिरले आणि पार टोकापर्यंत चालले.

“आता येतोय का आवाज?”

“नाही.”

“मग सांग.”

वल्लरीने सांगितलं. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दिसलं, की बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. जन्मलं तरी काही तासांपेक्षा जास्त जगणार नाही. दोन डॉक्टरांना विचारलं, दोघांनीही तेच सांगितलं. मग तिने आणि सौमित्रने ठरवलं. नवरात्रात. पाच महिने पूर्ण झाले की बाबांना घरी येऊन सांगायचं असं आधी ठरलं होतं, ते राहिलं.

खांबेटे एका गॅरेजच्या पायरीवर बसले.

“मला का नाही सांगितलंस?”

“फोन केला होता मी. ॲडमिट व्हायच्या आधी, दवाखान्यातूनच.”

“कधी?”

“दुपारी. तुम्ही झोपला होतात. म्हणालात, ‘पुण्यात दुपारच्या वेळी माणसाला उठवायचं तर एक तर आग लागलेली असावी, नाहीतर धरण फुटलेलं असावं. यातलं काय झालंय, तेवढं सांग.’”

“मग?”

“मग मी म्हटलं, काही नाही, सहज केला.”

त्यांना हा फोन आठवत नव्हता. खूप आठवून पाहिलं, नाहीच आठवला. पण वाक्य त्यांचंच होतं, त्याबद्दल शंका नव्हती. वाक्य चांगलं होतं हेही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“फोटो बघितला, तेव्हा वाटलं तुम्हाला कळलंय,” वल्लरी म्हणाली. “आणि तुम्ही मला सुनावताय. फलक घेऊन.”

“मला काही माहीत नव्हतं गं. मी गाळासाठी गेलो होतो.”

हेही विनोदासारखंच ऐकू आलं. वासंती असती तर मधे पडून तिने सांगितलं असतं, ‘अगं, त्यांना वाईट वाटतंय, म्हणून असं बोलतायत.’ आता मधे कोणी नव्हतं. तोंडाशी येणारं प्रत्येक वाक्य त्यांनी तपासलं, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे टोक होतंच. ती त्यांनी एकेक करून गिळली. शेवटी एक प्रश्न तेवढा उरला.

“बघितलंस तू त्याला?”

ती म्हणाली, “हो. नर्स म्हणाली होती बघू नका. सासूबाई म्हणाल्या, बघितलंस तर विसरता येणार नाही. सौमित्र बाहेर गेला. पण मी बघितलं.”

“बरं केलंस.”

“हात होते, बाबा. बोटं होती, नीट, पाचच्या पाच. मी एका बोटाला हात लावला.” तिला रडू फुटलं होतं, पण ती थांबली नाही. “मला कोणी विचारलंच नाही इतक्या दिवसांत. सगळे म्हणतात विसर. निर्णय चुकला असं मला वाटत नाही. पुन्हा तोच घेईन. पण ते होतं ना, बाबा. ते होतं.”

“होतं,” खांबेटे म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि रिकाम्या बोळात ते पुसायची काही घाई नव्हती. त्यांना त्या बोटाबद्दल आणखी विचारायचं होतं. केवढं होतं, गार होतं का, नखं होती का. एक नातवंड येऊन गेलं, आणि त्या वेळी आपण पेठेत पंखा लावून झोपलो होतो. त्यांनी मनात होतं तेच, काही न जोडता, काही न काढता, बोलून टाकलं.

“मलाही आवडलं असतं गं, बघायला.”

वल्लरीचं रडणं थांबलं. मग तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, “हा टोमणा आहे का, बाबा?”

“नाही.”

“मला खरंच कळत नाही हो. तुम्ही कधी नुसतं बोलता आणि कधी...”

“नाही गं वल्ली. टोमणा नाही.”

तिने फोन ठेवला नाही. खांबेटे पायरीवरून उठले आणि मोबाइल कानाशी घट्ट धरून, तिला खरं वाटतंय की नाही ते कळायची वाट बघत, बोळात उभे राहिले.