लेखिकेचं नाव

सुनीती गेली तेव्हा तिचा प्रबंध टाइप होऊन तयार होता. विषय होता कार्ल्याच्या लेण्यांतले यवन. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यातले काही जण स्वतःला यवन म्हणवतात. ते खरे ग्रीक होते की नव्हते, यावर तिने वाशीच्या शाळेत शिकवता शिकवता आठ वर्षं काढली. मी बेलापूर रोडच्या कारखान्यात फिटर. पानांवर आकडे घालायचं काम तेवढं माझ्याकडे होतं.

तेराव्यानंतर तिच्या मार्गदर्शक मंत्रीबाई घरी आल्या.

"मरणोत्तर पदवी मिळू शकते," त्या म्हणाल्या. "पण नोंदणी एकतीस मार्चला संपते. आणि उमेदवाराचा एक तरी छापलेला लेख सोबत जोडावा लागतो. सुनीतीचा आहे ना?"

"आहे म्हणायची."

"कुठे छापलाय?"

ते मला माहीत नव्हतं. एकोणऐंशी साली आम्ही गिरगावातून वाशीला आलो, त्याच पावसाळ्यात तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं आणि तिची कागदांची पेटी गेली. लेख त्यात होता. मी कधी विचारलं नाही.

नोव्हेंबरपासून दर शनिवारी पहिली पाळी संपली की मी बसने मुंबईला, एका मोठ्या ग्रंथालयात जायचो. आधी कार्डांचे खण पाहिले. नेरूरकर, सुनीती. नाही. मग संस्कृत, ग्रीक, लॅटिन या विषयांच्या लेखांच्या वार्षिक सूच्या, जाड जाड. लग्नाच्या सालापासून सुरुवात केली. बोट ठेवून एकेक ओळ वाचायचो. इंग्रजी अक्षरं लागतात मला. जर्मन आणि फ्रेंच नुसती बघायचो.

तिथल्या ग्रंथपाल शहाणेबाई कधी कधी टेबलाशी येऊन उभ्या राहायच्या. "नेरूरकर, यवनसुद्धा एवढ्या वेळा समुद्र ओलांडून आले नसतील."

"त्यांना मार्चची मुदत नव्हती," मी म्हणालो.

जानेवारीत त्यांनी एक फॉर्म दिला. तो दिल्लीला पाठवायचा, तिथे कॉम्प्युटरवर शोध घेतात. लेखकाचं नाव आणि विषय. मी ठळक अक्षरांत भरला. पाच आठवड्यांनी कागद आला. कडेला भोकं असलेला, लांबलचक, आणि त्यावर एकच ओळ. नोंद आढळली नाही.

शहाणेबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"लग्न कधीचं तुमचं?"

"एकोणसत्तर."

"आणि लेख त्याच्या आधीचा असला तर?"

मी समोरची सूची मिटली.

"अहो, माहेरचं नाव घालून बघा की. आडनाव काय?"

"वालावलकर."

"मग सुनीती वालावलकर बघू." त्या उठल्या.

"नाही," मी म्हणालो. "सुनीती आमच्याकडचं नाव. आत्याने सुचवलं, मी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं. तिचं नाव जयमाला."

"हे आज सांगताय होय? तीन महिने झाले!"

"त्या नावाने तिला मी कधी हाकच मारली नाही हो."

पाच मिनिटांत कार्ड सापडलं. वालावलकर, जयमाला. सदुसष्टचा अंक, अकरा पानं. शहाणेबाईंनी स्वतः झेरॉक्स काढून दिल्या. परत येताना बसमध्ये पाकीट मांडीवर धरून बसलो होतो. वाटलं, झालं आता.

वीस मार्चला मंत्रीबाईंबरोबर पदवी देणाऱ्या संस्थेत गेलो. कारकुनाने लेख पाहिला, प्रबंध पाहिला.

"हिचं नाव वेगळं, तिचं वेगळं."

"एकच बाई," मी म्हणालो आणि लग्नाची पत्रिका पुढे केली.

"पत्रिका कुणीही छापेल, काका. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. छापील नमुना आहे. खाली आधीच्या नावाची सही, शेजारी आत्ताच्या नावाची. उमेदवाराने स्वतः करायची."

"ती वारली."

"ते कळलं मला. वाईट झालं. पण नमुना एकच आहे."

मंत्रीबाई आत साहेबांकडे गेल्या. वीस मिनिटांनी आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी खिशातलं पेन काढलं आणि पाकिटाच्या मागे सुनीतीची सही करून बघितली. रेशनकार्डावर, बँकेत, सतरा वर्षं पाहिलेली सही. हुबेहूब आली.

मंत्रीबाईंनी ती पाहिली. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "करून टाका. शिक्का मारणारे माझ्या ओळखीचे आहेत."

"दुसरी मला येत नाही."

"कशीही करा. ताडून कोण पाहणार आहे?"

तिचे आईवडील गेलेले, भाऊ नाही. जयमाला वालावलकर सही कशी करायची, हे सांगणारं कुणीच उरलं नव्हतं. मी प्रतिज्ञापत्राचा फॉर्म गुडघ्यावर ठेवला, पेन टेकवलं. पहिलं अक्षर ती मराठीत काढायची की इंग्रजीत, तेही मला माहीत नव्हतं.

"नाव आम्ही मनाने ठेवलं," मी म्हणालो. "आता सहीही मनाने करू का?"

मंत्रीबाईंनी खूप समजावलं. तिची आठ वर्षं आहेत यात, म्हणाल्या. ते खरंच होतं. मग त्या रागावल्या. मी फॉर्म कोराच खिडकीत परत दिला.

एकतीस मार्चला मंगळवार होता. मी पहिल्या पाळीला गेलो.