चाळीस तासांचं सर्टिफिकेट

विशेष मुलांच्या केंद्रात तिला सगळे मावशी म्हणत. मुलांनी म्हटलेलं तिला आवडायचं, पण नवे पालक दारातूनच "मावशी, मॅडम कुठे बसतात?" असं विचारत, तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडायची. ती काही झाडलोटीला ठेवलेली बाई नव्हती. चाळीस तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, सर्टिफिकेट, आणि वर सहा वर्षं रोज मुलांसमोर बसणं. न बोलणाऱ्या मुलांना एकेक गोष्ट शिकवायची आणि ती कधी जमली, कधी बिनसली, याच्या खुणा तक्त्यात करायच्या, हे तिचं काम. कुणाला काय आणि कसं शिकवायचं याची योजना मात्र मॅडम आखायच्या. मॅडम तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, पण त्यांच्याकडे मास्टर्स होतं, देखरेखीखाली केलेले दोन हजार तास होते आणि मोठी परीक्षाही त्या पास झाल्या होत्या. योजनेतला काना-मात्रादेखील मावशीने बदलायचा नाही, असा नियम होता.

त्या महिन्यात चिमणीने तिची झोप उडवली. ही पाच वर्षांची मुलगी शब्द बोलत नसे, नुसती चिवचिवायची, म्हणून तिचं नाव चिमणी. ती अचानक स्वतःचं मनगट चावायला लागली. तासाभरात अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी चौदा.

मॅडम दोनदा येऊन कोपऱ्यात बसल्या, तक्ते पाहिले आणि म्हणाल्या, "काम दिलं की चावते, चावली की आपण काम थांबवतो. म्हणजे चावल्यावर तिची सुटका होते. आता चावली म्हणून थांबायचं नाही. 'थांबूया'चं कार्ड द्यायला शिकवायचं, आणि कार्ड दिलं की थांबायचं."

"मॅडम, मला वाटतं त्या खोलीतच काहीतरी आहे. शेजारच्या बाथरूममधलं ते हात वाळवायचं मशीन किती घरघरतं..."

"तक्त्यात दिसतंय का तसं?"

तक्त्यात मशीनचा रकानाच नव्हता.

घरी आल्यावरही तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकच ताट ती घासतच राहिली. बस चालवून दमून आलेला नवरा म्हणाला, "अगं, भोक पडेल त्याला."

बुधवारी चिमणीच्या मनगटावरचं कातडं सोललं. गुरुवारी मावशीने कोणालाही न विचारता तिला उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. चटई अंथरली, तेच ठोकळे, तीच चित्रं मांडली. चिमणी एकदाही चावली नाही. शुक्रवारीही नाही. मावशीने तक्त्यात शून्य लिहिलं. खोलीचं काही लिहिलं नाही.

सोमवारी मॅडम आलेख घेऊनच आल्या. "बघितलंत? कार्ड लागू पडलं! उद्या तिच्या आईला दाखवते."

 मावशी गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. दिवसभरात ती तीनदा मॅडमच्या केबिनपर्यंत गेली आणि तीनदा माघारी फिरली. चौथ्यांदा आत शिरली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मावशी, कदाचित तुमचंच बरोबर असेल. पण आता ते मला कळणार कसं? मी उद्या तिच्या आईशी खोटं बोलले असते, आणि खोटं बोलतेय हे मला माहीतही नसतं."  मग त्यांनी कोरा कागद ओढला. "खोलीशिवाय त्या दिवशी काय बदललं?"

"काही नाही" हे शब्द मावशीच्या ओठांवर आले होते. तिने डोळे मिटले. "मागच्या खोलीत टेबल-खुर्ची नाही. आम्ही खाली बसलो होतो."

"म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमणीच्या आईला खरं काय ते सांगितलं, मुलीला डॉक्टरांना दाखवून आणायला लावलं आणि आईच्या परवानगीने चार दिवस एकेक गोष्ट बदलून पाहिली. पाच मिनिटांच्या वर नाही, पहिल्या चाव्यालाच थांबायचं. जुन्या खोलीत चटईवर बसवलं तेव्हा शेजारचं मशीन तीनदा घरघरलं. चिमणीने मानसुद्धा वळवली नाही. मावशीचा चेहरा पडला. मागच्या खोलीत टेबल-खुर्ची नेली, तर दुसऱ्याच मिनिटाला मनगट तोंडात.

मॅडम गुडघ्यांवर बसून टेबलाखाली वाकल्या. ही खुर्ची चावणं सुरू झालं त्याच सुमारास आली होती, आधीच्यापेक्षा उंच. चिमणीचे पाय अधांतरी लोंबकळत होते आणि खुर्चीची कड मांड्यांना रुतत होती.

बुटकी खुर्ची आणली आणि चावणं जवळजवळ थांबलं. अवघड काम दिलं की एखाद्या वेळी मनगट वर जायचं; तिथे मात्र कार्डच उपयोगी पडलं.

"मी मशीनवर पैज लावली असती," मावशी म्हणाली.

"मी दोनदा कोपऱ्यात बसले, मलाही खुर्ची दिसली नाही. पण तुम्ही न विचारता बदल केलात, त्याची नोंद मला फाईलमध्ये करावी लागेल."

"करा." मग तिने विचारलं, "तुमच्यासारखं व्हायला काय काय लागतं?"

मॅडमनी सांगितलं. आधी पदवी. मावशीची ती तर शेवटच्या वर्षाला, पहिल्या बाळंतपणात सुटली होती. मग मास्टर्स, मग ते दोन हजार तास, मग परीक्षा.

"तू मॅडम होईपर्यंत मी रिटायर होईन," रात्री नवरा म्हणाला.

"बरंच झालं. स्वयंपाकाला माणूस मिळेल."

तो हसला, तिला हसू आलं नाही. चिमणीचे पाय रोज तिच्या डोळ्यांसमोर होते. पण त्या पायांबद्दल प्रश्न विचारून तपासायचं कसं, तेवढं तिला येत नव्हतं. हे तिला आठवडाभर टोचत राहिलं.

शनिवारी ती आपल्या जुन्या कॉलेजात गेली. क्लार्क म्हणाला, "बसा बाई, रेकॉर्ड जुनं आहे, वेळ लागेल." ती बसली नाही. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिली. पाऊण तासाने त्याने खिडकीतून शेवटच्या वर्षाचा फॉर्म सरकवला. तिने तो तिथेच उभ्याने भरला, घाईघाईत दोन ठिकाणी चुका केल्या, आणि दुसरा मागून घेतला.