तीन महिन्यांचा टॅक्स

वन्संना सगळी गल्ली वन्संच म्हणायची. खरं तर त्या एकाच बाईच्या नणंद. पण ती बाई, म्हणजे त्यांची भावजय, दुकानात दिवसभर ‘वन्सं, हे कापड’, ‘वन्सं, ती बटणं’ असं करायची. ते ऐकून ऐकून शिलाईच्या मुली, समोरचा औषधवाला, शाळांचे मुख्याध्यापक, सगळ्यांच्याच तोंडी ते बसलं. लग्न न करता आपण अख्ख्या गल्लीची नणंद झालो, असं वन्सं स्वतःच सांगायच्या आणि समोरचा हसायच्या आत त्याला कुठल्या तरी कामाला जुंपायच्या.

दुकान शाळेच्या गणवेशांचं होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या. वन्संचा मोठा भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो असतानाही दुकान वन्संच चालवायच्या, कारण भाऊ स्वभावाने लाख माणूस असला तरी गिऱ्हाइकाने नुसतं तोंड बारीक केलं की दोन सदरे फुकट देऊन मोकळा व्हायचा. तो गेल्यावर वहिनी माहेरी जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती खाली येऊन काज करायला बसली आणि तिथेच बसून राहिली. वन्संनी तिला राहा असं कधी म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. दुकान वन्संच्या नावावर, वरच्या खोल्या वन्संच्या नावावर, फोनसुद्धा वन्संच्याच नावावर. त्यात काही खटकावं असं वन्संना कधी वाटलंच नव्हतं. कुणाच्या तरी नावावर असायलाच हवं, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मागच्या वर्षी वहिनीच्या डोक्यात गाडीने घर केलं. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकायला जाऊ लागली तेव्हा वन्संनी हसून हसून पोट धरलं. पण ऐन शाळा उघडायच्या तोंडावर टेम्पोवाल्याने दगा दिला, गणवेशांचे गठ्ठे दुकानात पडून राहिले आणि मुख्याध्यापकांचे फोन घेता घेता वन्संचा घसा बसला. तेव्हा वहिनी म्हणाली की माझी ठेव सुटली आहे, त्यातून एक जुनी गाडी घेते, शाळांना माल पोचवायला बरी पडेल. वन्सं लगेच कबूल झाल्या. पैसे वहिनीचे असले तरी घासाघीस मात्र त्यांनी आपल्या हातात घेतली.

गाडी एका दंतवैद्याची होती. वन्संनी त्याला असं काही धारेवर धरलं की किंमत ठरल्यावर तो बिचारा म्हणाला, आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटल्या, आज माझी कुणी उपटली. वर्षभराचा रोड टॅक्स भरलेला आहे, तुम्हाला काही बघायला नको, असंही त्याने सांगितलं, आणि वन्संना वाटलं की आपण मैदान मारलं. मग कळलं की तसं नसतं. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की पहिल्याचा टॅक्स तिथेच संपतो. उरलेले पैसे त्याला परत मिळतात, नव्या मालकाने आपला टॅक्स नव्याने भरायचा आणि तो भरल्याशिवाय गाडीचं चाक रस्त्याला लावायचं नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी दंतवैद्यानेच गाडी वाहन कार्यालयाच्या आवारात आणून लावली, जिथे हव्या तिथे सह्या केल्या, किल्ली दिली आणि सुटलो बाबा असा चेहरा करून तो चालत निघून गेला.

या दोघी टोकन घेऊन आत बसल्या. लांबट खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, पाच खिडक्या आणि त्यातल्या दोनच उघड्या. वहिनी आज गप्प होती. एरवी ती जिथे बसेल तिथल्या शेजारणीशी तिची गट्टी जमायची. वन्संना वाटलं, गाडी घरापर्यंत चालवत न्यायची आहे म्हणून घाबरली असेल. त्यांनी तिला धीर दिला, म्हणजे वाटेत कुठे वळणं अवघड आहेत त्याची यादी ऐकवली.

नंबर आला. खिडकीमागे एक चष्मेवाला कारकून होता, सर्दीने बेजार झालेला. त्याने विचारलं, नाव कुणाचं लावायचं. वन्संनी दुकानाचं नाव सांगितलं. त्यावर तो म्हणाला की मग धंद्याची गाडी होईल आणि टॅक्स जास्त पडेल. वन्संनी क्षणाचाही उशीर न लावता आपलं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी म्हणाली की गाडी माझ्या नावावर करा, पैसे माझे आहेत.

वन्संनी तोंड मिटलं. बोलली ते खरं होतं, पण असं चारचौघांत बोलायची काय गरज होती, असं त्यांच्या मनात आलं. जाऊ दे, हौस आहे तिची, म्हणून त्यांनी ते गिळलं.

कारकुनाने नाव लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं. टॅक्स तीन महिन्यांचा भरता येतो, सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा. वर्षाचा भरला तर थोडी सूट आहे. वन्संनी पर्स उघडता उघडता वर्षाचा म्हणून सांगून टाकलं. सूट सोडायची नाही हा त्यांचा जन्माचा नेम.

“तीन महिन्यांचा,” वहिनी म्हणाली.

वन्सं हसल्या. कारकुनाकडे वळून त्यांनी सांगितलं की हिला यातलं काही कळत नाही, तुम्ही वर्षाचा घ्या. कारकुनाने नाक पुसलं आणि वहिनीकडे पाहिलं, कारण आता कागदावर नाव तिचं होतं. वहिनीने खिडकीची कड धरून ठेवली होती. ती पुन्हा तेच म्हणाली.

“आणि तीन महिन्यांनी काय गाडी विकणार आहेस?” वन्संनी विचारलं.

कारकुनाची अर्धी नोकरी असल्या खिडकीत गेली असावी. त्याने सरळच विचारलं की गाडी दुसऱ्या प्रांतात न्यायची आहे का, कारण तसं असेल तर इथे वर्षाचा भरून उपयोग नाही, तिकडे पुन्हा भरावा लागतो. वहिनीने मान हलवली. होय म्हणून.

वन्संना आधी अर्थ कळला नाही, नुसतं कळलं की काहीतरी हातून निसटलं. मागच्या माणसाने घसा खाकरला. कारकून म्हणाला, तुमचं ठरवा आणि या, मी टोकन राखून ठेवतो.

बाकावर बसल्यावर वहिनीने सगळं सांगितलं, मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत. तिच्या धाकट्या बहिणीची रोपवाटिका होती, डोंगरापलीकडे, दिवसभराच्या अंतरावर. बहिणीचे गुडघे गेले होते. रोपं गावोगाव पोचवायला तिला माणूस हवा होता, आणि नोकर म्हणून नाही, भागीदार म्हणून. तिथे एक खोली होती, पुढे ओटा असलेली. बहिणीने दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा विचारलं तेव्हा वहिनीने नाही म्हणून सांगितलं होतं. मग तिला त्या खोलीची स्वप्नं पडायला लागली. शाळांचा हा हंगाम ती पार पाडणार होती, सगळा माल स्वतः पोचवणार होती, आणि मग जाणार होती.

वन्संनी ऐकून घेतलं. एरवी त्यांनी मधेच तोडलं असतं. मग त्यांना राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं, कारण रागाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. मला सांगायचं नाही? एका छपराखाली राहून मूग गिळून बसायचं? मी काय खाणार होते तुला?

“नाही,” वहिनी म्हणाली. “तुम्ही रडला असतात. मग मी गेले नसते.”

वन्सं रडतात असं गल्लीत कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. भाऊ गेला तेव्हाही त्या सगळ्यांची जेवणं झाली का ते बघत फिरत होत्या. पण वहिनीला माहीत होतं. त्या रात्री वन्सं एकट्या रडत असताना मधल्या दाराशी येऊन ती नुसती उभी राहिली होती, आत आली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हापासून वन्संनी तिला दुकानात वाटेल तसं झापलं, पण तिच्यावर मनातून कधी राग धरला नाही. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. न सांगता कळतं, अशी त्यांची समजूत होती.

त्या समोरच्या खिडकीकडे बघत राहिल्या. वर्षाचा टॅक्स भरून टाकला तर? वहिनी अशी बाई होती की भरलेले पैसे फुकट जाऊ नयेत म्हणूनसुद्धा थांबली असती. मोडलेल्या सुया ती टाकून देत नसे. पुढच्या वर्षी पुन्हा काहीतरी भरता आलं असतं, आणि त्याच्या पुढच्या. असं माणूस राखता येतं. वन्संना हे इतकं लख्ख कळलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. आजवर आपण हेच तर करत आलो नाही ना, असंही वाटलं. हंगाम झाला की बघू, ही ऑर्डर गेली की बघू, असं म्हणत त्यांनी तिचं बहिणीकडे जाणं किती वेळा पुढे ढकललं होतं. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हेच वाईट होतं.

त्या उठल्या. वहिनीही त्यांच्यामागे उठली. खिडकीशी जाऊन वन्संनीच बोलायला सुरुवात केली. टॅक्स तीन महिन्यांचा घ्या, म्हणाल्या, आणि गाडी बाहेर न्यायला जे काही लागतं तेही आजच करून द्या, या रांगेत पुन्हा कोण उभं राहील.

कारकुनाने खालच्या खणातून एक अर्ज काढला आणि समजावून सांगितलं. गाडी तात्पुरती नेणार असाल तर नोंद इथेच राहते. टॅक्सही इथेच भरायचा, तीन महिने संपले की पुन्हा आणि मग दर वर्षी इथे येऊन. कायमची नेणार असाल तर ना-हरकत दाखला देऊ, मग हे तीन महिने संपले की गाडी इथल्या दप्तरातून उतरेल आणि पुढचं सगळं तिकडे. दोन्हीतलं काय लिहू?

“तात्पुरती लिहा,” वहिनी घाईने म्हणाली. वन्संकडे वळून म्हणाली, “दर वर्षी येईन मी. टॅक्सला यावंच लागेल ना. चार दिवस राहीन.”

वन्संचं मन एकदम उडी मारून उभं राहिलं. दर वर्षी. म्हणजे ती गेली असं होणारच नाही. लागलीच त्यांना दिसलं ते असं, की त्या दुकानात कापड बेतताहेत, बाहेर हॉर्न वाजतो, आणि हातातली कात्री थांबते. वर्षभर, प्रत्येक हॉर्नला थांबते. आणि तिकडे वहिनी आपल्या खोलीच्या ओट्यावर रोपांना पाणी घालता घालता तारीख बघते आहे, निघायला हवं, वन्सं वाट बघत असतील. चार दिवस ती येईल, राहील, आणि चौथ्या दिवशी वन्सं काहीतरी काम काढतील. त्या स्वतःला ओळखून होत्या. त्या नक्की काढतील.

कारकून पेन धरून थांबला होता.

“कायमची लिहा,” वन्सं म्हणाल्या.

“अहो वन्सं...”

“कायमची. खरं ते लिहू दे त्यांना.” वन्संचा आवाज दुकानातल्यासारखाच निघाला, पण त्यांनी वहिनीकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. “तुला यावंसं वाटेल तेव्हा ये. टॅक्स भरायला म्हणून येऊ नकोस.”

कारकुनाने लिहिलं. वहिनीने सही केली, ती वाकडी आली, आणि चालेल का असं तिने विचारलं. चालते, तो म्हणाला. त्याने शिक्के मारले आणि टॅक्सची पावती तिच्या हातात दिली.

आवारात गाडी उन्हात तापली होती. वहिनीने काचा खाली केल्या, आरसा नीट केला, पट्टा लावला. वन्सं शेजारी बसल्या. अवघड वळणांची यादी आता सांगावी असं त्यांना वाटेना. त्या पुढच्या काचेतून भिंतीकडे बघत बसल्या, आणि मग रडायला लागल्या, चांगल्या मोठ्याने, रुमाल न शोधता. आवारातून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला तरी त्या थांबल्या नाहीत.

वहिनीने किल्ली लावली होती, ती फिरवली नाही. या वेळी ती दाराशी उभी नव्हती, आत होती. तिने वन्संचा हात धरला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. टॅक्स भरलेला होता, गाडी केव्हाही काढता आली असती.